फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतरचा दम, दुखणं आणि बाबांचं भजन

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे, मुलीने विचारलेला. वडील 66 वर्षांचे. कॅन्सरमुळे उजव्या फुफ्फुसाचा वरचा कप्पा मुंबईत काढला, बरगड्यांमधून मोठा छेद घेऊन. पाच आठवडे झाले. अंगणातून रस्त्यापर्यंत गेले तरी दम लागतो, ऑपरेशनच्या बाजूला आग होते, शर्टसुद्धा टोचतो, कोरडा खोकला आहे, रात्री धड झोप नाही. ऑक्सिमीटर 94 ते 96 दाखवतो. घरचे म्हणतात पडून राहा, शेजारी म्हणतात ऑक्सिजनचं मशीन आणा. आणि बाबा एकच विचारतात, भजनाला कधी बसू?

मी छातीच्या ऑपरेशनच्या रुग्णांना श्वास आणि हालचाल शिकवणारा फिजिओथेरपिस्ट. औषधांबद्दल खाली जे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून; गोळी आणि डोस त्यांनीच ठरवायचा.

आधी हिशेब मांडू, कारण घरातली निम्मी भीती त्यानेच उतरते. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून साधारण 19 भाग धरतात, उजवीकडे 10 आणि डावीकडे 9. उजव्या वरच्या कप्प्यात त्यातले 3. म्हणजे बाबांचे 19 पैकी 3 भाग गेले, सोळा टक्क्यांच्या आसपास. किती फुफ्फुस काढलं तर माणसाला झेपेल, हे सर्जन ऑपरेशनआधी याच हिशेबाने बघतात. शिवाय उरलेले दोन कप्पे हळूहळू फुलून रिकामी जागा भरतात आणि खालचा, छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा थोडा वर सरकतो. पुढच्या एक्स-रेच्या रिपोर्टात ‘उजवा पडदा वर उचललेला’, ‘फुफ्फुसाचं आकारमान कमी’ असं काहीबाही येईल. ते वाचून रात्रभर जागू नका. कप्पा काढल्यावर ते तसंच दिसायचं.

तेव्हा पाचव्या आठवड्यात अंगण ओलांडताना जो दम लागतो, तो एकट्या त्या सोळा टक्क्यांचा नसतो. बाबा बरीच वर्षं विडी-सिगारेट ओढत असतील किंवा आधीपासून दम्याचा त्रास असेल तर गणित थोडं बदलतं, पण तरीही मुख्य कारणं बहुतेक वेळा वेगळी निघतात. दुखतं म्हणून छाती उघडत नाही. छाती उघडत नाही म्हणून श्वास वरच्यावर आणि भराभर होतो. काही आठवडे पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू गळतात, मग तेवढ्याच चालीला जास्त हवा लागते. त्यात रक्त कमी, जेवण कमी, आणि वर ‘बाबा, सांभाळून, बसा बसा’ असा दिवसभराचा गजर. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी दुखणं आटोक्यात, मग चालणं, आणि श्वासाचे व्यायाम त्यांच्या जोडीला. बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं नळीचं उपकरण) दिवसभर फुंकायचं, चालायचं नाही, आणि दुखण्याची गोळी ‘अगदीच सहन झालं नाही तर’.

दुखण्याकडे वळू. मोठ्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये दोन बरगड्यांमध्ये फट करून ती रुंद करावी लागते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते, ती ताणली किंवा दाबली जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हा त्रास कमी असतो, अजिबात नसतो असं नाही. म्हणून बाबांना दोन प्रकारचं दुखणं असेल. एक हाडा-स्नायूंचं: ठणकणारं, खोकलं की, वळलं की वाढणारं. ते आठवड्यागणिक उतरतं. दुसरं नसेचं: पाठीवर खांद्याच्या पात्याखालून बगलेखालून पुढे स्तनाखालपर्यंत पट्टा, कुठे आग, कुठे मुंग्या, कुठे विजेसारखी चमक, कुठे बधिर. शर्ट टोचतो तो या दुसऱ्यामुळे. त्याचा अर्थ आत काही बिघडलं, टाका सुटला किंवा कॅन्सर परत आला असा नाही. पण ते महिनोन् महिने रेंगाळू शकतं, आणि साध्या गोळीला दाद देत नाही. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिनसारखी. बाबांना ती चालू नसतील तर डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगा: ‘आग होते, कपडा सहन होत नाही.’ नुसतं ‘दुखतं’ म्हटलं की पॅरासिटॅमॉलवरच गाडी थांबते.

या गोळ्यांनी सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. रात्री न्हाणीघराकडे जाताना दिवा लावा, सोबत कुणीतरी असू द्या. त्या एकदम बंदही करायच्या नसतात. आणि एक स्पष्टच सांगतो, कारण आपल्याकडे खोकल्याला फेणीचा घोट सुचवणारा एखादा काका असतोच: या औषधांवर, विशेषतः जोडीला ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन असेल तर, दारूचा थेंब नको. झोपेत श्वास मंदावतो.

पॅरासिटॅमॉल दिलं असेल तर ते सांगितलेल्या मात्रेत घड्याळाप्रमाणे घ्या, दुखण्याची वाट बघत बसू नका. व्यायाम आणि चालणं गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ठेवा. एवढ्या एका बदलाने श्वास खोल जायला लागलेले रुग्ण मी नेहमी बघतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र फार्मसीतून मनाने आणू नका. या वयात मूत्रपिंड आणि पोट दोन्हीला त्या जड जातात, ब्लडप्रेशर-डायबिटीस असेल तर जास्तच. ट्रॅमाडॉलने शौचाला खडा होतो, आणि कुंथताना छातीत जी कळ येते ती विचारू नका. जुलाबाचं हलकं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

शर्टाचं म्हणाल तर जुना, धुऊन मऊ झालेला सुती बनियन उलटा घाला, म्हणजे शिवण बाहेर राहते. वरून पुढे बटणं असलेला सैल शर्ट. डोक्यावरून घालायचा सदरा सध्या नको. जखम पूर्ण भरली असेल तर त्या पट्ट्यावरून दिवसातून तीनचार वेळा दोन-दोन मिनिटं मऊ मलमलीचा तुकडा फिरवा, आठवड्याभराने जरा खरखरीत पंचा. सुरुवातीला नको वाटतं, पण नसेला स्पर्शाची सवय परत लागते. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कळत नाही आणि कातडी भाजते. असे फोड मी पाहिले आहेत. तेल लावून बरगड्या रगडून देणारे हातही लांब ठेवा.

झोपेसाठी उशा एकावर एक रचून फक्त मान उचलली तर श्वास आणखी कोंडतो. कमरेपासून पाठीला उतार मिळाला पाहिजे: एक उशी पाठीच्या मध्याखाली, दुसरी खांद्याखाली, तिसरी डोक्याला. आरामखुर्चीत झोप लागत असेल तर काही रात्री तिथेच झोपू द्या, पायांखाली स्टूल देऊन. कुशीवर झोपायचं तर काखेत आणि छातीशी एक उशी धरायची. बाबांचा एकच कप्पा काढला आहे, त्यामुळे कुठलीही कूस चालेल, सोसेल ती. मात्र पूर्ण फुफ्फुस काढलेल्या कुणी हे वाचून आपल्याला लावून घेऊ नये. त्यांनी उरलेलं फुफ्फुस खाली येईल अशा कुशीवर सर्जनला विचारल्याशिवाय झोपायचं नाही. उठताना सरळ उठून बसायचा प्रयत्न करू नका. आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली, मग कोपराने रेटा.

आता चालणं. नियम एकच: दम लागला पाहिजे, पण एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर तुटत असेल तर वेग जास्त. गप्पा रंगत असतील तर कमी. शून्य ते दहाच्या मापात दम तीन-चारवर असावा. सुरुवात सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा. झेपलं की दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. सगळं नीट चाललं तर ऑपरेशनपासून तीन महिन्यांच्या आसपास सलग अर्धा तास जमावा. एखादा दिवस वाईट जाईल. त्या दिवशी निम्मं चाला, पण चाला. रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं एवढंच समजायचं.

डिचोलीत सपाट रस्ता शोधावा लागेल, खरं आहे. रस्त्यावर ट्रकांची धूळ असेल तर सकाळी लवकर आटपा. पावसात सगळ्यांत चांगली जागा म्हणजे देवळाचा सभामंडप: छप्पर आहे, जमीन सपाट आहे, बसायला कट्टा आहे, आणि ओळखीची माणसं असतात. फक्त पाऊल ठेवण्याआधी लादी ओली नाही ना ते बघा. पणजीचे माझे काही रुग्ण कांपाल ते मिरामारच्या फुटपाथवर चालतात, दर थोड्या अंतरावर टेकायला जागा असते म्हणून. घरातल्या घरात खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या तरी मिनिटं ती मिनिटंच.

दम लागला की काय करायचं हे चालायला निघण्याआधी शिकून घ्यायचं. खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवा, किंवा उभ्यानेच भिंतीला हात टेकून पुढे झुका. खांदे सोडा. नाकाने श्वास घ्या आणि ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे करून, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळात सोडा. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो, सोडत नाही. त्याला ‘घे, घे’ म्हणू नका, ‘सोडा’ म्हणा. पायरी चढताना श्वास सोडायचा, थांबून घ्यायचा. चपलेचा पट्टा लावायला वाकतानाही तसंच, सोडत वाकायचं. टेबलफॅनची हवा थेट चेहऱ्यावर घेतली की दमाची जाणीव खरोखर कमी होते. खर्च नाही, पण आश्चर्य वाटावं इतका उपयोग होतो.

यावरून ऑक्सिजनच्या मशीनकडे येतो. दम वेगळा आणि रक्तातला ऑक्सिजन वेगळा. 94-96 असताना मशीन लावून बाबांना काही मिळणार नाही. उलट ते नळीला बांधले जातील आणि चालणं थांबेल. ऑक्सिमीटर दिवसातून दोनदा आणि एकदा चालल्यावर लावा, बोट गरम असताना, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. बसल्या जागी 92 च्या खाली टिकून राहिला किंवा चालताना 90 च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांना डॉक्टर वेगळी मर्यादा देतात, ती पाळा. दर दहा मिनिटांनी बोट चिमटीत धरून बसलेलं घर मात्र रुग्णाला आणखी दमवतं.

स्पायरोमीटरबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. पहिल्या आठवड्यात तो कामाचा, पाचव्या आठवड्यात तो शोकेसमध्ये गेला तरी चालेल, चालणं होत असेल तर. वापरायचाच तर नळीतून हवा आत ओढायची. कितीतरी जण तो फुंकतात. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यात काही नाही. एक किंवा दोन चेंडू वर उचलून दोन-तीन सेकंद तिथे ठेवणं हा खरा व्यायाम. त्याहून चांगला व्यायाम बिनपैशाचा आहे. ताठ बसून उजवा तळहात उजव्या खालच्या बरगड्यांवर ठेवायचा, नाकाने सावकाश श्वास घेऊन त्या हाताला बाहेर ढकलायचं, तीनपर्यंत धरायचं, सोडायचं. असे तीन-चार श्वास, मग थोडा वेळ साधे श्वास, नाहीतर चक्कर येते. जागेपणी दर दोनेक तासांनी. कफ असेल तर खोकून खोकून दमू नका. उशी छातीशी घट्ट धरून, तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा हा… करून जोराने सोडा. कफ वर आला की एकच खोकला.

खांदा बहुतेक सगळे विसरतात. छेद घेताना पाठीचे मोठे स्नायू कापले जातात, माणूस हात पोटाशी धरून बसतो, आणि तीन महिन्यांत खांदा आखडतो. मग शर्टाची बाही चढत नाही आणि दोष ऑपरेशनला जातो. काठी दोन्ही हातांत आडवी धरून डोक्यावर नेणं, भिंतीवर बोटांनी चढणं, दिवसातून दोन वेळा दहा-दहा. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. विहिरीचं पाणी ओढणं, पाण्याची बादली, नारळाची पोती, हातपंप मारणं हे सर्जनने मोकळीक देईपर्यंत बंद. मोठ्या छेदानंतर ती बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या पुढेच मिळते. स्कूटरही तोवर नको, आणि गुंगीच्या गोळ्या चालू असताना तर नकोच. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, बादली टेबलावर ठेवून, म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागत नाही.

कोरडा खोकला या काळात फार जणांना असतो. श्वासनळी जिथे कापून शिवली तिथली आणि आजूबाजूच्या ज्या लसिकागाठी काढल्या तिथली चेतना चाळवलेली असते. बोललं, हसलं, खोल श्वास घेतला की ठसका. आठवडे, कधी काही महिने राहतो. कोमट पाण्याचे घोट, रात्री लवकर आणि कमी जेवण, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं न होणं यांनी बराच फरक पडतो, कारण पोटातलं आम्ल वर येऊन तो वाढवतं. पिवळा-हिरवा कफ, ताप किंवा रक्त आलं तर तो साधा खोकला राहिला नाही.

जेवणाबद्दल फार सांगायची गरज नाही. भरल्या पोटी पडदा खाली उतरत नाही आणि दम वाढतो, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा. दहा-अकराची पेज उत्तम, पण नुसती पेज आणि लोणचं नको. सोबत अंडं, मूग किंवा बांगडा-तारली असू दे. ऑपरेशन झालं म्हणून नुस्तं (मासे) बंद, हे पथ्य कुठून येतं मला माहीत नाही. छातीच्या नळीतून दुधासारखा द्रव आला होता म्हणून तेल-तूप बंद सांगितलेल्या मोजक्या रुग्णांची गोष्ट वेगळी, त्यांनी ते पाळायचं. दर आठवड्याला वजन बघा आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.

धुराशी तडजोड नाही. अंगणात पातेरा (वाळका पाला) पेटवणं, चूल, चवथीचे फटाके, दिवाळीच्या पहाटे जाळतात तो नरकासुर, आणि हो, देवघरातली धूप-अगरबत्तीही. समई लावा, अगरबत्ती राहू दे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. केमो ठरली असेल तर त्या कधी घ्यायच्या हेही विचारा. केमो सुरू झाली म्हणून चालणं सोडायचं नाही, मिनिटं कमी करायची.

आता भजन. बसता येईल, आणि मी तर म्हणेन लवकर सुरू करा, कारण लांब, मोजून सोडलेला श्वास हाच गाण्याचा पाया आहे आणि बाबांना नेमका तोच हवा आहे. आधी एक बघा: ऑपरेशननंतर आवाज घोगरा किंवा हवा गळल्यासारखा झाला आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का? स्वरयंत्राची नस छातीतून फिरून वर जाते, जास्त करून डाव्या बाजूच्या ऑपरेशनमध्ये ती दुखावू शकते. तसं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. नसेल तर याच आठवड्यात खुर्चीवर बसून गुणगुणणं, ओंकार, मग मध्यम पट्टीत अभंगाचं एक चरण एका श्वासात. चरण मध्ये तुटलं तरी हरकत नाही, जिथे तुटतं तिथे रोज खूण करा. दोन-तीन आठवड्यांनी खूण पुढे सरकलेली दिसेल. देवळात परतताना पहिले काही दिवस मागे बसून साथ द्यायची, तीही अर्धा तास. टाळ हलका चालेल, खांद्याला व्यायामच होईल. पखवाज अजून नको. जमिनीवर मांडी घालून वाकून बसलं की पोट दबतं, म्हणून खुर्ची मागून घ्या. लाजायचं कारण नाही. मुख्य गायक म्हणून उभं राहणं तीन महिन्यांनंतर, चालणं अर्ध्या तासावर आल्यावर. सप्ताहातलं रात्रभराचं जागरण यंदा नाही, एवढं मी बाबांनाच सांगितलं आहे असं समजा.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. अचानक वाढलेला दम, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, खोकल्यातून रक्त किंवा पातळ गुलाबी पाणी एकदम भरपूर येणं, छातीत धडधड बेताल होणं, 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, जखमेतून स्राव, ओठ निळसर पडणं. दम, रक्त, गुलाबी पाणी, धडधड किंवा निळे ओठ असतील तर 108 ला फोन करून थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. मुंबईच्या डॉक्टरांना फोन वाटेत करा. उतरत चाललेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं किंवा पाठीत, कंबरेत, हाडात नवीन जागी ठाण मांडून बसलं तर तेही लगेच दाखवा, पुढच्या तारखेची वाट न बघता.

तपासणीसाठी मुंबईला कोकण रेल्वेने जात असाल तर खालचा बर्थ घ्या, जागे असताना तासा-दीड तासाने डब्यात दोन फेऱ्या, पाणी भरपूर. विमान मात्र छातीत मोकळी हवा उरलेली नाही असं एक्स-रे बघून सर्जनने सांगितल्यावरच. दाबोळी असो की मोपा, आकाशात गेल्यावर अडकलेली हवा फुगते. बॅगेत गोळ्यांची यादी ठेवा आणि चालण्याची वही: तारीख, मिनिटं, दम किती, आकडा किती, अभंगाची खूण कुठे. सर्जनसमोर ‘दम लागतो’ यापेक्षा ‘महिन्यापूर्वी पाच मिनिटं, आता अठरा’ हे जास्त उपयोगाचं. तिथे तीन गोष्टी विचारून या: वजन कधीपासून उचलायचं, नसेची गोळी कधी आणि कशी कमी करायची, आणि फुफ्फुसाची फुंकर-चाचणी पुन्हा कधी करायची. परत आल्यावर बांबोळीच्या किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात एकदा तरी बाबांना नेऊन खांदा आणि श्वास प्रत्यक्ष बघून घ्या.